निजलेलं एकर

आंबेथळात माणूस आहे की गेला हे डॉक्टर सांगायचा आणि द्राक्षाची वेल आहे की गेली हे केदूनाना मत्सागर. दोघांत केदूनानाचा शब्द जरा अधिक पक्का धरला जाई, कारण डॉक्टर निदान दोनदा नाडी बघायचा. केदूचं तसं नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख त्याने या एकाच कामासाठी राखलेलं होतं. वेलीपाशी उकिडवा बसायचा, खोडाची सुटलेली साल बाजूला करायचा आणि आतल्या सालीवर नखाने एक रेघ ओढायचा. हिरवी निघाली तर "जीव आहे, पाणी द्या." तपकिरी निघाली तर "गेली. करवत आणा." एवढं बोलून हात झटकत उठायचा.

कादवा नदीच्या काठी आता बरंच बदललं होतं. फवारणीला ड्रोन जात होते, ट्रॅक्टर आपापले ओळीतून फिरून येत होते आणि पाऊस किती वाजता येणार हे फोन सांगत होता, पाऊस त्याचं ऐकत नव्हता ही गोष्ट वेगळी. पण केदूनानाच्या नखाला पर्याय निघालेला नव्हता, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याची बायको चंद्रकला म्हणायची, "एवढं नख तर आमच्यात नव्या नवरीचंही नसतं." तो हसून सोडून द्यायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मात्र ते नख त्याच्याच बागेत चालवायची वेळ आली, विहिरीकडच्या एकरात.

हे एकर म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाग. केदू ऐन पंचविशीत असताना त्याने आणि धाकट्या बहिणीने, रोहिणीने, मिळून ती लावली होती. त्याने खड्डे घेतले, तिने कॉलेजच्या सुट्टीत कलमं धरली. पुढे रोहिणी शिकत शिकत नाशकाजवळच्या एका द्राक्ष संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ झाली. वडील वारले तेव्हा तिने एक शब्द न बोलता जमिनीवरचा हक्क भावाला सोडून दिला, जसा गावातल्या सगळ्या बहिणी सोडतात. तेव्हापासून केदू दर भाऊबीजेला तिला पैठणी घेत आला होता. त्याच्या मते विषय तिथे संपला होता.

द्राक्षबाग पंधरा-सोळा वर्षांत थकते. काडी बारीक होते, घड वांझ राहतात, मग बाग काढायची आणि नवी लावायची. विहिरीकडची बाग त्याहून जुनी झाली होती, ती काढायचं केदूने ठरवलं तेव्हा रोहिणी म्हणाली, "काढणारच आहेस तर आधी मला एक प्रयोग करू दे."

तिचा प्रयोग समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. द्राक्षाची वेल मुळात थंड मुलखातली. तिथे हिवाळा आला की ती पानं टाकते आणि बर्फ वितळेपर्यंत गाढ झोपते. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून वेल कधी झोपतच नाही. आपण वर्षातून दोनदा तिला कातरतो, एप्रिलात काडीसाठी आणि ऑक्टोबरात फळासाठी. वर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या गाठी, फुटायचं औषध चोळतो आणि कामाला जुंपतो. दोन दिवसांची झोप बुडाली तर माणूस वेड्यासारखा वागायला लागतो. इथे उभं आयुष्य जागरणात जातं. रोहिणीचं म्हणणं असं, की आपल्या बागा म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, जागून मरतात.

हिमालयातल्या एका रानवेलीत तिला झोपेचा निरोप देणारं प्रथिन सापडलं होतं. मुळांमधला अन्नसाठा रिता झाला की ते रसातून वर चढतं आणि डोळ्याडोळ्याला सांगतं, आता पुरे. तिने हा गुण एका खुंटात, म्हणजे कलमाला मुळं पुरवणाऱ्या रोपात, उतरवला. मग विहिरीकडच्या प्रत्येक वेलीशेजारी असा एक कोवळा खुंट लावला आणि तो जुन्या खोडाला बांधून एकजीव केला, म्हाताऱ्याच्या हाती काठी द्यावी तसा. वर्षभर काही घडलं नाही. वेली नेहमीसारख्या फुटल्या, नेहमीसारख्या थकल्या.

मग ही ऑक्टोबरची छाटणी झाली. छाटणीच्या जखमा भरल्या, औषध लावून झालं. शेजारच्या सगळ्या बागांत डोळे कापसासारखे फुगले, फुटले, पोपटी झाले. विहिरीकडच्या एकरात एकही डोळा हलला नाही. केदू ओळीने बसत गेला, नख ओढत गेला. तपकिरी. पुढची तपकिरी. ओळ संपेपर्यंत तपकिरी. शेवटी त्याने पाठ सरळ केली आणि करवतीच्या पात्यांना तेल दिलं. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी बाग आडवी करायची.

भाऊबीजेला रोहिणी आली. तिने भावाला पाटावर बसवून ओवाळलं आणि केदूने ताटात पैठणीची घडी ठेवली. तिने ती उचलून वहिनीच्या मांडीवर ठेवली.

"ही वहिनीला शोभेल. मला औंदा दुसरं हवंय, दादा."

"माग की."

"विहिरीकडच्या एकराला पुढच्या भाऊबीजेपर्यंत करवत लावायची नाही."

केदूचा चेहरा उतरला. "मेलं ते, रोहे. मी सोताच्या हाताने पाह्यलं. खाली सगळं तपकिरी आहे."

"म्हणूनच सांगते. नखही लावायचं नाही."

चंद्रकला घडी मांडीवर तशीच धरून बसून राहिली. ताटातलं निरांजन जळत होतं आणि बहीण हात पुढे करून थांबली होती. ओवाळणीला मागितलेलं नाकारणारा भाऊ आंबेथळात अजून जन्मायचा होता.

"दिलं," केदू म्हणाला, पण रागाने म्हणाला.

जेवणं झाल्यावर रोहिणी कलमाचं मेण घेऊन बागेत गेली आणि त्याने ओढलेली एकेक रेघ बुजवत बसली. केदू मागे उभा राहून बघत होता.

"मेलेल्याला मलम कशाला?"

"झोपलेल्या वेलीला जखम भरता येत नाही. जागी असताना ती आपली आपण खपली धरते. आता खपली धरणारं कोणी जागं नाही." तिने वळून पाहिलं. "म्हणून नख नको म्हटलं. मानापमानाचं नाही हे."

मग तिने गाडीतून सूक्ष्मदर्शक काढला. काडीवरच्या एका डोळ्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतला, जखमेवर मेण लावलं, कापावर रंगद्रव्याचा थेंब सोडला आणि निळा दिवा लावून भावाला पुढे सरकवलं. केदूने डोळा लावला. काळोख होता आणि काळोखात उजळ ठिपके होते. नीट मांडलेले, ओळीने, रांगेने, दूरवर गेलेले. सकाळी चंद्रकलेने अंगणात मांडलेल्या रांगोळीसारखे.

"हे काय?"

"दारं. पेशीला पेशी चिकटून असते ना, मधल्या भिंतीत बारीक बारीक वाटा असतात. शेजारणीकडे साखर पाठवायची, निरोप पाठवायचा, सगळं त्या वाटेने. जाग्या डोळ्यात त्या उघड्या असतात. या बघ, एकेक वाट डिंकाने लिंपून टाकलीय. ते चमकतंय ते लिंपण."

"कोणी लिंपलं?"

"वेलीनं. आतून."

केदू बराच वेळ वाकून राहिला. एवढ्याशा डोळ्यात एवढी दारं, आणि एकही उघडं राहिलेलं नाही. मेलेलं घर असं आवरून ठेवत नाही, हे त्याला पटत होतं आणि पटलेलं आवडत नव्हतं.

"मग हिरवं का नाही निघालं?"

"हिरवेपणही आवरून मुळांमध्ये नेलंय तिने. त्यामुळे नख फसलं."

तुझं नख फसलं असं त्याला आजवर कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. "उठणार कधी?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजही नाही, दादा. आपल्या मुलखात वेल पहिल्यांदाच झोपलीय. तिकडे थंडी संपली की उठते. इथे कशाने उठेल ते तिचं तिलाच ठाऊक." सूक्ष्मदर्शक पुसता पुसता ती म्हणाली, "परदेशात एका गावात चारशे वर्षांची वेल आहे. अजून घड देते. झोप मिळाली की वेलीला म्हातारपण लवकर नसतं."

"चारशे वर्षं आपल्याकडे देऊळ टिकत नाही," केदू म्हणाला. पण ते चारशे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. आंबेथळात जमीन बापाकडून लेकाकडे जाते, विहीर जाते, भांडणंसुद्धा जातात. द्राक्षबाग मात्र अजून कोणी कोणाला ठेवून गेलेलं नव्हतं. तेवढी ती टिकतच नाही.

हिवाळा सरला. इतर बागांत मण्यांत पाणी भरलं, तोडणी सुरू झाली. विहिरीकडचं एकर मात्र तारांवर वाळक्या दोऱ्या टाकल्यासारखं उभं. बांधापलीकडचा बाळासाहेब तिडके तसा भला माणूस, पण जिभेला हाड नाही. "नाना, तुमचं एकर बघून पाखरंसुद्धा वळसा घालू राहिलीत," तो म्हणाला. दुसऱ्या कोणाच्या बागेत नख लावायला गेलं की लोक आधी विहिरीकडे बघायचे आणि मग केदूकडे. तो रोज सकाळी हात पाठीमागे बांधून एकराभोवती फेरी मारायचा. हात पुढे असले तर त्यांचा भरवसा नव्हता.

एका सकाळी रोहिणी रबरी पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आली. पट्टी खोडाला गुंडाळायची आणि आत रस कसा चालतो त्याचा आवाज इअरफोनने कानात ऐकायचा. जागी वेल उन्हात चटचट वाजते, रसाचे बारीक धागे तुटतात त्याचा तो आवाज. झोपलेली वेल काय करते हे कोणी ऐकलेलं नव्हतं. रोहिणीने ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "दादा, विहिरीवरची मोटर बंद कर."

केदूने मोटर बंद केली. ती पुन्हा ऐकत बसली. "तिडक्यांची पण बंद करायला सांग."

बाळासाहेबाने कुरकुरत बंद केली. शिवार शांत झालं. रोहिणीने इअरफोन काढून भावाच्या कानात घातला.

आधी काहीच नव्हतं. मग खोलवरून काहीतरी वर आलं, भरलं, क्षणभर थांबलं आणि तितक्याच सावकाश खाली उतरलं. मग शांतता, इतकी लांब की त्याला वाटलं भास झाला. आणि पुन्हा वर आलं. पाळण्यातल्या पोराचं पोट हलावं तसं.

"पाणी आहे," रोहिणी हळूच म्हणाली. "मुळं वर ढकलतात, परत ओढून घेतात. आता त्या टोकाच्या वेलीला ऐक."

तो दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तेच. तिने दोन कानांत दोन टोकांचे आवाज दिले. दोन्हीकडे एकाच वेळी भरत होतं, एकाच वेळी उतरत होतं. मधली ओळ लावली, तीही त्यांच्यातच.

केदूने बहिणीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हे मी केलेलं नाही, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं होतं प्रत्येक वेल आपापली झोपेल. सगळे खुंट एकाच आईचे, जमिनीखाली मुळाला मूळ भेटलं आणि जुळून गेलं. वेगळ्या वेली राहिल्याच नाहीत इथे. हे एक आहे. सगळं एकर एक आहे."

"पानं नाहीत, मग खाते काय?"

तिने ओळींमधल्या हिरव्या तागाकडे बोट दाखवलं. तो तिनेच पेरला होता. तागाची मुळं आणि वेलीची मुळं यांना मातीतली बुरशी आपल्या धाग्यांनी जोडते. ताग उन्हात साखर करतो आणि त्यातली थोडी धाग्याधाग्याने वेलींकडे जाते.

"म्हणजे निजलेल्या लेकराला शेजारीण पाजती," केदू म्हणाला.

"तसंच."

त्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा चंद्रकलेने पाहिलं की त्याच्या पायांत चपला नाहीत. त्या बांधावर काढून ठेवलेल्या होत्या. कधी काढल्या हे त्यालाही सांगता आलं नसतं.

इथवर आलेला माणूस शब्द मोडणार नाही असं वाटेल. पण अद्भुत एकदा ऐकणं निराळं आणि रोज त्याच्या दारात बसून राहणं निराळं.

उन्हाळा आला. गावभर एप्रिलची छाटणी झाली, शिवारात कात्र्यांचा आवाज भरून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा केदूचं एक एकर न छाटता राहिलं. ऊन चढत गेलं तसा पट्टीतला आवाज मंद होत गेला, दोन श्वासांमधली शांतता लांबत गेली. एका दुपारी तो खोडाशी टेकून कानाला लावून बसला आणि आवाज आलाच नाही. बसला, बसला, डोळा लागून पुन्हा जागा झाला. आवाज नाही. रोहिणीला फोन लावला तर लागेना.

तो उठला. जिवंत असो की मेलेलं, त्याला कळायला हवं होतं. कळल्याशिवाय बसणं त्याला जमत नव्हतं, कारण ते त्याने कधी केलंच नव्हतं. करवत नको म्हणाली, नख नको म्हणाली. कात्रीचं काही बोलली नव्हती. त्याने खिशातली छाटणीची कात्री काढली, कोपऱ्यातल्या वेलीची अंगठ्याएवढी जाड काडी धरली आणि तोडली.

काप कोरडा होता.

"गेली," तो म्हणाला, सवयीने. आणि म्हटल्याबरोबर त्याला इतकं भरून आलं की तो तिथेच खाली बसला. खड्ड्यात कलम धरून उभी असलेली रोहिणी त्याला आठवली, मातीने भरलेली, खदाखदा हसणारी.

मग त्याच्या गुडघ्यावर एक थेंब पडला. त्याने वर पाहिलं. कापलेल्या काडीच्या तोंडाशी पाणी जमत होतं. ते वाढलं, ओघळलं, त्याची धार झाली. थोडा वेळ थांबली, आणि पुन्हा आली, आधीपेक्षा जोरात. श्वासासारखी.

छाटल्यावर वेलीतून पाणी गळतं हे त्याला नवं नव्हतं. पण ते थोडं गळून थांबतं, कारण जागी वेल जखम धरते. ही धरणार नव्हती. बहिणीने सांगितलं होतं, मेण लावता लावता, त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं. त्याने टॉवेल गुंडाळला, तो भिजला. माती थापली, ती वाहून गेली. शेवटी त्याने उजव्या हाताचा अंगठा कापावर दाबला आणि ओरडून चंद्रकलेला हाक मारली.

ती धावत आली. "कानाला लाव," तो म्हणाला. "शेजारच्या वेलीला काय ऐकू येतं बघ."

चंद्रकला पट्टीपट्टीला ऐकत ओळीने गेली आणि परत आली. तिचा चेहरा पडला होता. "इथं जवळ काहीच नाही. तिकडं टोकाला आहे, पण फार बारीक. अहो, काय केलंत तुम्ही?"

एका काडीतून सगळं एकर गळत होतं. सगळ्यांचं पाणी एक, साखर एक, आणि दार त्याने उघडलं होतं. चंद्रकलेने पुन्हा पुन्हा फोन लावला तेव्हा कुठे रोहिणी भेटली. यायला वेळ लागणार होता. तोवर अंगठा हलवायचा नाही, एवढंच ती म्हणाली.

केदू उन्हात बसून राहिला. सुरुवातीला बोटाखाली नुसता ओलावा होता. मग त्याला जाणवलं, खालून काहीतरी अंगठ्यावर येऊन टेकतंय. जोर फार नाही. येतं, टेकतं, परत जातं. तो आपोआप त्याच लयीत श्वास घेऊ लागला. हात बधिर झाला, मग दुखला, मग पुन्हा बधिर झाला. चंद्रकलेने डोक्यावर ओला पंचा टाकला, पाणी पाजलं, आणि मधूनमधून ओळीतून फिरून ती सांगत राहिली, "इथवर आलंय आता. या तिसऱ्या वेलीला पण आलंय." आयुष्यभर ज्या अंगठ्याने वेलींचं मरण सांगितलं, त्याच्याखाली आता सबंध एकर जीव धरून होतं. त्याला भीती वाटत होती आणि तितकंच, का कोण जाणे, धन्यही वाटत होतं.

उन्हं कलती झाली तेव्हा रोहिणी पोचली. तिने कात्री पाहिली, काडी पाहिली, भावाकडे पाहिलं.

"माझ्याकडून शब्द मोडला," केदू म्हणाला.

"आता बोलू नकोस. मी सांगेन तेव्हा बोट काढ." तिने मेण गरम केलं आणि पट्टीतला आवाज कानाला लावला. आवाज उतरू लागला त्या क्षणी "काढ" म्हणाली, मेण भरलं, वर कलमपट्टी आवळली. खालून भरत आलं, पट्टी फुगली, आणि टिकली.

केदूचा अंगठा भिजून पांढराफटक पडला होता, त्याची चामडी काडीच्या काठाने चिरली होती आणि लांब नख मुळापाशी चिरलं होतं. रोहिणीने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि मेणाची उरलेली पट्टी त्याच्या नखाभोवती गुंडाळली. रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पावसाळा आला आणि जायचं नाव घेईना. दसरा झाला, दिवाळी आली, तरी आभाळ गळतच होतं. छाटणी केलेल्या बागांत कोवळी फूट केवडा रोगाने काळी पडली. बाळासाहेबाने एकदा छाटलं, ते गेलं, दुसऱ्यांदा छाटलं. विहिरीकडचं एकर तसंच उघडंबोडकं उभं होतं. कानाला लावलं की श्वास मात्र लागायचा, पहिल्यापेक्षा भरलेला.

भाऊबीजेला रोहिणीने ओवाळलं. शब्दाची मुदत आज संपत होती. चंद्रकलेला वाटलं पैठणी निघेल, पण केदूचे हात रिकामेच होते.

"औंदा घडी नाही," तो म्हणाला. "विहिरीकडच्या एकराच्या सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचं म्हणतो. तलाठ्याकडे जाऊन आलो. तिथल्या यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, तर माझा उमटेचना, चिरलाय ना. डाव्याचा दिला."

चंद्रकलेने चमकून नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग नणंदेकडे. अशा वेळी बहिणीने काय म्हणायचं ते आंबेथळात ठरलेलं आहे. नको रे दादा, मला काय करायचंय, तू दिलंस यातच आलं.

रोहिणीने निरांजन खाली ठेवलं. "लाव," ती म्हणाली. "मी नको म्हणणार नाही."

"अजून उठलं नाही ते," केदू म्हणाला. "उठलंच नाही तर?"

"तर माझं एकर झोपलेलं आहे."

चंद्रकला हसली, मग तिघंही हसली, आणि हसता हसता केदूने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की नानाने मेलेलं एकर बहिणीच्या गळ्यात मारलं. बाळासाहेब तर बांधावरून ओरडून तसं म्हणाला. केदूने हात वर करून नमस्कार केला.

पाऊस गेला. नुसता थांबला नाही, खरोखर गेला. वारा कोरडा झाला, सकाळी तारांवर दव दिसू लागलं. फोन अजूनही पावसाचा इशारा देत होता, पण त्या दिवशी पहाट उजळताना केदू बांधावर आला आणि चपला काढून तिथेच थबकला.

तारांवर वाळक्या दोऱ्या नव्हत्या. एकराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक काडीवरचा प्रत्येक डोळा फुटला होता. एक पुढे नाही, एक मागे नाही. कोवळे गुलाबी कोंब, सगळे एकाच लांबीचे, आणि त्यांच्यावरून उन्हाची पहिली तिरीप सरकत होती. आयुष्यभर त्याने औषध चोळून, कात्री लावून, दटावून डोळे फोडले होते. असं आपल्या मर्जीने उठलेलं त्याने काही पाहिलं नव्हतं. मातीखाली केवढं तरी मोठं कोणीतरी कूस बदलून उठलं होतं आणि तो त्याच्या अंगणात अनवाणी उभा होता. आपण नसू तेव्हाही हे झोपेल आणि उठेल, आपल्या नातवंडांच्या नातवंडांसमोर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला आपलं लहान असणं फार बरं वाटलं.

त्याने फोन लावला. "रोहे, तुझी बाग उठली."

पलीकडून तिने विचारलं, "सगळी?"

"सगळी."

"कोपऱ्यातली ती वेल?"

तो ओळीतून जपून चालत कोपऱ्यात गेला. कापलेल्या काडीवर मेणाची टोपी तशीच होती. तिच्या लगेच खालच्या डोळ्यातून कोंब निघाला होता आणि इवल्या पानांच्या घडीत मोहरीएवढा घड दिसत होता. केदूचा उजवा हात आपसूक पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. त्याने तो पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने फोन कानाशी घट्ट धरला.

"फुटली," तो म्हणाला. "मी हात लावलेला नाही."